खांदा, कोपर, मनगट

झटकेमास्तरांना कॉइल तपासायला मीटर लागत नसे. उजव्या हाताचं मधलं बोट आणि बघायला चार माणसं एवढ्यावर त्यांचं भागायचं. चार नसली तर दोन चालत. पण आजूबाजूला कोणीच नसताना त्यांनी कॉइल तपासल्याचं कोणाला आठवत नाही.

कॉइल म्हणजे जुन्या गाडीच्या बॉनेटखाली बसवलेला, मुठीत जेमतेम मावणारा एक गोल डबा. बॅटरीचा मिळमिळीत करंट त्यात शिरतो आणि हजारो व्होल्टचा होऊन जाड वायरीतून बाहेर पडतो. त्याची ठिणगी प्लगला मिळाली की पेट्रोल पेटतं. नाही मिळाली तर गाडी म्हणजे चार चाकांवर ठेवलेला सोफा. ती ठिणगी जोरकस आहे की नाही, हे बघायला साधी माणसं वायर पत्र्याजवळ धरून उडणारी ठिणगी बघतात. मास्तर ती स्वतःच्या अंगात घेत.

त्याची एक ठरलेली तऱ्हा होती. मालकाला आत बसवून चावी फिरवायला सांगायचं. आपण बॉनेटसमोर ताठ उभं राहायचं, सलामी घ्यायला आलेल्या सेनापतीसारखं. डावा हात पाठीमागे. डोळे मिटलेले. मग जाड वायरीचं टोक बोटाला टेकवायचं. गाडी घरघरायची, मास्तरांच्या अंगातून झटका जायचा, मिशी थरथरायची, आणि शेडमध्ये शांतता पसरायची. मग निकाल लागायचा. झटका खांद्यापर्यंत गेला तर कॉइल उत्तम. कोपरापर्यंत गेला तर वर्षभर चालेल. मनगटातच अडला तर बदला.

"खांदा," मास्तर म्हणत, आणि गाडीचा मालक मुलगी पास झाल्यासारखा फुलायचा.

पेट्रोल पंपामागच्या गल्लीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये तीस वर्षं हे चाललं होतं. जुन्या गाड्या बाळगणाऱ्या शौकिनांच्या तोंडी ही भाषा बसली होती. दातांचे एक डॉक्टर होते. ते आपल्या गाडीची ओळख करून देताना आधी सालाचा उल्लेख करत आणि लगेच "खांद्याची आहे" अशी पुस्ती जोडत. कोपराची गाडी असणारे जरा मागे मागे राहत. मनगटाच्या गाडीची बातमी पसरली तर मालकाला लोक घरी येऊन धीर देत.

ही विद्या मास्तरांनी कोणाकडून घेतली, असं विचारलं की ते वर छताकडे बघत. खरी गोष्ट छताइतकी उंच नव्हती. एकोणिसाव्या वर्षी, दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये काम शिकत असताना, त्यांचा हात चुकून वायरीला लागला होता आणि ते दोन फूट मागे उडाले होते. समोर गिऱ्हाईक उभं होतं. लाज झाकायला ते म्हणाले, "कॉइल उत्तम आहे हं. खांद्यापर्यंत गेला." गिऱ्हाइकाने तोंडात बोट घातलं. मास्तरांचं बोट त्या दिवसापासून वायरीवर गेलं ते गेलंच.

मास्तरांची बायको एका मुलींच्या शाळेत, विज्ञानाच्या प्रयोगशाळेत, एकतीस वर्षं सहायक होती. तिला सगळे 'बाई'च म्हणत. लग्न झाल्यावर मास्तरांनी तिला एकदा विचारलं होतं, "तू शाळेत नक्की काय करतेस?"

"वायरी देते आणि परत घेते," ती म्हणाली होती.

एवढं उत्तर मास्तरांना एकतीस वर्षं पुरलं.

प्रत्यक्षात बाई मोडलेले मीटर दुरुस्त करत, शिक्षिकांनी उलट्या जोडलेल्या वायरी गुपचूप सुलट करत, आणि "बाई, काटा हलत नाहीये" म्हणत रडकुंडीला आलेल्या मुलींच्या तीन पिढ्या त्यांनी पार केल्या होत्या. निवृत्त झाल्यावर शाळेने त्यांना एक शाल दिली. भंगारात निघालेला एक पिवळा मीटर त्यांनी स्वतःच मागून घेतला. त्याचा एक कोपरा तुटलेला होता, तिथे त्यांनी चिकटपट्टी लावली. घरात दिवसभर एकट्या बसून काय करायचं, म्हणून त्या शेडमध्ये येऊ लागल्या आणि पहिल्याच दिवशी तो मीटर त्यांनी टेबलावर ठेवला.

"हे खेळणं इथे नको," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाइकांना वाटेल मला माझ्याबद्दल शंका आहे."

"तुम्हाला कुठली शंका यायला," बाई म्हणाल्या आणि मीटर खणात गेला.

त्याच सुमाराला मास्तरांची टाच धरली. सकाळी उठून पाय जमिनीला टेकवला की कळ डोक्यात जायची. तोवर ते कामावर चामड्याच्या, तळाला खिळे ठोकलेल्या जुन्या चपला घालत आणि धूळ बसावी म्हणून शेडमध्ये सारखं पाणी शिंपडत. बाईंनी त्यांच्यासाठी बूट आणले, दोन बोटं जाड रबरी तळाचे, पाय टाकला की गादीवर टाकल्यासारखा वाटावा असे. दोन महिन्यांत टाच बरी झाली.

आणि शहरातल्या कॉइल एकामागून एक मरायला लागल्या.

पहिल्यांदा मास्तरांना त्यात वावगं वाटलं नाही. खांद्याची एक गाडी कोपरावर आली, ठीक आहे, वय झालं. मग दातांच्या डॉक्टरांची खांद्याची गाडी थेट मनगटावर घसरली. डॉक्टर तिथेच स्टुलावर बसले. मास्तरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हल्ली तांब्यात दम राहिला नाही, डॉक्टर." डॉक्टरांची कॉइल तीस वर्षांपूर्वीच्या तांब्याची होती, हे दोघांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. नवी बसवली, तीही मनगट. तिसरी आणली, तिने मनगटसुद्धा गाठलं नाही, तळहातावर मुंगी चालावी तसं काहीतरी झालं. मास्तरांनी डोळे मिटूनच ठेवले, मिशी स्वतःहून थरथरवली आणि म्हणाले, "खांदा."

त्या दिवशी संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही.

मास्तरांना कळून चुकलं होतं की कॉइल ठीक आहेत आणि आपणच संपलो आहोत. बोट बधिर झालंय. तीस वर्षं ज्याच्यावर माणूस उभा राहिला ते गेलं, आणि ते सांगायचं कोणाला? डॉक्टरकडे जाऊन काय म्हणायचं, की मला हल्ली शॉक लागत नाही? ते गुपचूप बोटाला टाचणी टोचून बघत. टाचणी तर चांगलीच टोचायची. मग ते आणखी घाबरत. म्हणजे बोट जिवंत आणि विद्याच गेली! आरशासमोर मिशी थरथरवायचा त्यांनी सराव केला. बाईंनी दारातून एकदा ते बघितलं आणि परत फिरल्या, कारण नवरा आरशासमोर काय करतो याची चौकशी त्यांनी तरुणपणीच सोडली होती.

मार्ग त्यांनी सोपा काढला. झटका नाही म्हणजे कॉइल मेली. दिसेल ती कॉइल बदलायची. नवी असते, चालतेच, कोण विचारतंय? जुनी निघालेली कॉइल मालकाचं नाव खडूने लिहून कोपऱ्यातल्या गोणीत. चार वर्षांत ती गोणी माणसाच्या कमरेपर्यंत आली.

शौकीन लोकांना याचं काही वाटलं नाही. गाडीवर खर्च झाल्याशिवाय त्यांना प्रेम केल्यासारखं वाटतच नसे. वाटलं ते एका नर्सला. ती सरकारी दवाखान्यात होती, तिला सगळे सिस्टर म्हणत, आणि तिच्याकडे वडिलांची जुनी स्कूटर होती. शौक म्हणून नव्हे, दुसरी नव्हती म्हणून. ती स्कूटर अधूनमधून रस्त्यातच बंद पडायची. मास्तरांनी दोन वर्षांत तिची कॉइल तीनदा बदलली.

"मास्तर, परत तीच?" तिसऱ्या वेळी ती म्हणाली.

"मनगट," मास्तर म्हणाले.

"पण तुम्ही मागच्या महिन्यात बसवलेली..."

"सिस्टर, तुम्ही इंजेक्शन देताना मी विचारतो का?"

सिस्टरने पैसे मोजून दिले. टेबलामागून बाईंनी मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. त्या दिवशी मास्तर जेवायला घरी गेल्यावर बाईंनी खणातून मीटर काढला आणि सिस्टरची कॉइल गोणीतून काढून तपासली. चांगली होती. मग त्यांनी पदर खोचला आणि गोणीच उपडी केली. बावन्न कॉइल निघाल्या. प्रत्येकीच्या दोन छोट्या टोकांना मीटरच्या तारा लावायच्या, करंटला आत किती अडथळा आहे त्याचा आकडा बघायचा. मग एक तार मधल्या जाड टोकाला, परत आकडा. साध्या कॉइलचा पहिला आकडा तीनच्या आसपास हवा, दुसरा आठ-दहा हजारांच्या घरात. बावन्नपैकी एकेचाळीस अगदी धडधाकट होत्या. बाईंनी त्या पुन्हा गोणीत भरल्या, चांगल्यांवर लाल रंगाचा ठिपका दिला आणि नवरा आल्यावर त्याला चहा दिला. एकतीस वर्षं शाळेत काढल्यावर त्यांना एवढं कळत होतं की उलटी वायर जोडलेल्या माणसाला वर्गासमोर सांगायचं नसतं. एकांतात कसं सांगायचं, हे मात्र त्यांनाही सुचत नव्हतं.

तेवढ्यात पुलाचं उद्घाटन आलं.

नदीवरचा नवा पूल सात वर्षं बांधला जात होता आणि आता खरोखरच पूर्ण झाला होता, याचा धक्का खुद्द महापालिकेलाही बसला होता. पुलावरून पहिली गाडी जुनी, देखणी, उघड्या टपाची जावी आणि तीत महापौर उभे राहून हात हलवत जावेत, अशी कोणीतरी कल्पना काढली. गाडी निवडली गेली जजसाहेबांची. जजसाहेब निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण बोलताना अजून टेबलावर हातोडा शोधत. त्यांची गाडी शहरातली सर्वांत देखणी, आणि गेली वीस वर्षं खांद्याची. मधल्या चार वर्षांत ती तपासायची वेळच आली नव्हती.

त्यांनी गाडी आदल्या आठवड्यात तपासायला आणली. मास्तरांनी बोट लावलं. काहीच नाही.

"काय निकाल?" जजसाहेबांनी विचारलं.

"मनगट," मास्तर म्हणाले, आणि जजसाहेबांचा चेहरा बघून घाईने पुढे म्हणाले, "पण काळजी नको. महापौर बसणार आहेत, आपण साधी बसवायचीच नाही. सगळ्यात पॉवरफुल मागवतो."

पॉवरफुल कॉइल आली. खोक्यावर विजेचं लालभडक चित्र. मास्तरांनी खोकं फाडून फेकलं, जुनी कॉइल काढून गोणीत टाकली आणि नवी बसवली. बाईंनी खोकं उचललं, चष्मा लावला आणि बारीक अक्षरं वाचली.

"अहो, यात लिहिलंय, ही रेझिस्टन्ससोबत लावायची. तारेत मध्ये एक वेगळा तुकडा लागतो. तो लावलात का?"

"वीस वर्षं बिनतुकड्याची चालली ना ही गाडी?"

"ती कॉइल तीनची होती. ही दीडची आहे, मी आत्ता मोजली. अहो, दार दुप्पट रुंद केलं की पोरं दुपटीने धावणार. करंट दुप्पट जाईल. थोडा वेळ चालेल छान, मग तापेल आणि बसेल."

"दार काय, पोरं काय!" मास्तर म्हणाले. "ही शाळा नाही."

त्यांनी गल्लीत दोन फेऱ्या मारून दाखवल्या. गाडी वाघासारखी पळाली. जजसाहेब खूष झाले. बाईंनी गोणीतून जजसाहेबांची जुनी कॉइल काढली, मोजली, पुसली आणि आपल्या पिशवीत टाकली. शेजारी दहा नंबरचा पाना ठेवला.

उद्घाटनाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. पुलाच्या तोंडाशी मांडव, मांडवात खुर्च्या, आणि मांडवाबाहेर गाडी, इंजिन चालू ठेवून. इंजिन चालूच राहू द्या, असं मास्तरांनी सांगितलं होतं. महापौर चढले आणि चावी फिरवत बसलो असं दिसायला नको. महापौर दहा मिनिटं बोलणार होते. ते पन्नास मिनिटं बोलले. पुलाबद्दल पाच, आपल्या बालपणाबद्दल पंचेचाळीस. बाई गर्दीत उभ्या राहून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या आणि वाफाळणाऱ्या बॉनेटकडे.

शेवटी महापौर गाडीत चढले. जजसाहेब स्टिअरिंगवर. मास्तर त्यांच्या शेजारी, नवा शर्ट, तेच रबरी बूट, मुद्रा अशी की पूलही त्यांनीच बांधला असावा. बँड वाजला. गाडी निघाली. महापौरांनी हात हलवला. मागे चौतीस गाड्यांची रांग, त्यामागे शाळेच्या बसेस.

पुलाच्या बरोबर मध्यावर गाडीने एक आचका दिला, दुसरा दिला आणि थांबली.

महापौर थोडा वेळ तसेच हात हलवत राहिले.

"काय झालं?" त्यांनी उभ्या उभ्याच, ओठ न हलवता विचारलं.

"काही नाही, साहेब. हवेत पेट्रोल अडकलंय," मास्तर म्हणाले. त्याचा अर्थ त्यांनाही ठाऊक नव्हता. ते खाली उतरले, बॉनेट उघडलं. मागची रांग हॉर्न द्यायला लागली. बातमीदार पळत आले. शहरातली एवढी माणसं एकाच वेळी बघायला कधीच जमली नव्हती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मास्तर धन्य झाले असते. ते ताठ उभे राहिले, डावा हात मागे नेला, डोळे मिटले, वायर बोटाला लावली.

"फिरवा चावी!"

इंजिन घरघरलं. मास्तरांना काहीच जाणवलं नाही. त्यांनी परत फिरवायला सांगितलं. परत काही नाही. मिशी थरथरवायची हेही ते विसरले. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरला आणि तेव्हा त्यांना कोणाचा तरी हात आपल्या कोपराशी जाणवला.

"हात लावून बघा," बाई हळूच म्हणाल्या. पुलावर त्या चालत आल्या होत्या, दम लागला होता. "वायरीला नाही. कॉइलला."

मास्तरांनी कॉइलला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तवा असावा तशी तापली होती.

"ही मेली," बाई म्हणाल्या. "गार झाली की उठेल, पण महापौर तोवर थांबायचे नाहीत. ही घ्या." त्यांनी पिशवीतून जुनी कॉइल काढली.

"ही? ही तर मनगटाची..."

"लावा."

एकतीस वर्षं ज्या आवाजात त्यांनी मुलींना स्टुलावरून खाली उतरवलं होतं तो आवाज मास्तरांनी प्रथमच ऐकला. ते मुकाट कामाला लागले. जाड वायर ओढून काढली, दोन बारीक वायरी सोडवल्या, पट्ट्याचे दोन बोल्ट दहाच्या पान्याने सैल केले, तापलेली कॉइल नव्या शर्टात धरून बाहेर काढली. शर्ट करपला. जुनी आत सरकवली.

"स्विचकडची वायर अधिकला," बाई म्हणाल्या.

"माहितीये," मास्तर म्हणाले आणि वजाला लागलेली काढून अधिकला लावली.

वायर बसवायच्या आधी सवयीने, लोकांकडे बघत, त्यांनी तिचं टोक बोटाला धरलं. पण हॉर्नच्या गोंगाटात आणि घाबरगुंडीत ते ताठ उभे नव्हते. डावा हात त्यांनी आधारासाठी गाडीच्या उघड्या लोखंडी पट्टीवर टेकला होता. जजसाहेबांनी चावी फिरवली.

मास्तर जमिनीवरून उडाले. टोपी नदीत गेली. ते महापौरांच्या अंगरक्षकाच्या अंगावर आदळले आणि त्याच्या छातीला मिठी मारून ओरडले, "खांदा! अहो, खांदा! दोन्ही खांदे!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बातमीदाराने फोटो घेतला. बाईंनी पुढे होऊन वायर जागेवर दाबली, बॉनेट लावलं, आणि गाडी सुरू होऊन पुढे गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं: 'तंत्रज्ञाने प्राणांची बाजी लावून मिरवणूक वाचवली.' खालच्या ओळीत होतं, 'त्यांच्या पत्नीने त्यांना कॉइल आणून दिली.'

संध्याकाळी शेडमध्ये बाईंनी दार लोटून घेतलं.

"बूट काढा."

"कशाला?"

"काढा तर."

मास्तर ओल्या फरशीवर अनवाणी, बोटाला वायर धरून उभे राहिले. बाईंनी त्यांच्या स्वतःच्या खटारा गाडीची चावी फिरवली. मास्तर किंचाळले. खांदा. मग बूट घालून, मुंगी. परत काढून, खांदा. चार वर्षांचं कोडं त्या दोन बोटं जाड रबरात होतं. करंटला अंगातून बाहेर पडायला वाट हवी असते. पुलावर ती लोखंडी पट्टीला टेकलेल्या डाव्या हातातून मिळाली होती; एरवीची, पायातून जमिनीत जायची वाट बाईंनी टाच दुखते म्हणून स्वतःच्या हाताने बंद केली होती.

मास्तर स्टुलावर बसले. "म्हणजे मी संपलो नव्हतो."

"तुम्ही नाही. पण त्यात एकेचाळीस चांगल्या आहेत." बाईंनी गोणीकडे बोट केलं. "लाल ठिपक्याच्या."

मास्तरांनी गोणीतून लाल ठिपक्याची एक कॉइल काढली आणि शर्टाने पुसली. बाईंना वाटलं, आता माणूस शहाणा झाला. सकाळी त्या शेडमध्ये आल्या तेव्हा मास्तर दातांच्या डॉक्टरांना सांगत होते, "कॉइलला विश्रांती लागते, डॉक्टर. माणसासारखीच आहे ती. चार वर्षं अंधारात, गोणीत, शांत ठेवली. आता बघा." आणि अनवाणी उभं राहून त्यांनी बोट लावलं. "खांदा!"

डॉक्टरांनी कॉइल छातीशी धरली. आठवडाभर शौकिनांची रीघ लागली. प्रत्येकाला आपापली विश्रांती घेतलेली कॉइल परत मिळाली. एकाने तर बसवलेली नवी कॉइल काढून विश्रांतीला ठेवून घ्या म्हणून आग्रह धरला. जजसाहेबांनी छोटंसं भाषण केलं आणि जुन्या काळच्या वस्तूंनाही माणसासारखा जीव असतो, असा निर्वाळा दिला. बाई टेबलामागे बसून हे सगळं बघत होत्या. ज्यांना फसवून घ्यायची एवढी हौस त्यांच्याबद्दल त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. तीन कॉइल तेवढ्या त्यांनी बाजूला काढून ठेवल्या होत्या.

"या सिस्टरच्या," शनिवारी त्या म्हणाल्या. "हिला विश्रांतीची गोष्ट सांगायची नाही."

"मग काय सांगू?"

"झालं ते."

मास्तरांनी खूप टाळाटाळ केली. आज गाड्या आहेत, उद्या पाय दुखतोय. शेवटी बाई स्वतःच गाडीत जाऊन बसल्या आणि हॉर्न दाबून धरला.

दवाखान्याच्या मागे कर्मचाऱ्यांच्या चाळवजा खोल्या होत्या. सिस्टर व्हरांड्यात गणवेशाला इस्त्री करत होती. मास्तर उभ्याउभ्याच बोलले. बुटांपासून सुरुवात केली, मध्ये दोनदा तांब्यात शिरायचा प्रयत्न केला, बाईंनी खोकून परत आणलं. सिस्टरने इस्त्री बाजूला ठेवली.

"म्हणजे माझ्या तिन्ही कॉइल चांगल्या होत्या?"

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं," मास्तर म्हणाले. "पण... माहीत नाही, हे माहीत होतं."

"तीन वेळा मी ती ढकलत आणली, मास्तर. एकदा वॉर्डात एक बाई अडलेली होती आणि मी अर्ध्या तासाने पोहोचले. ती वाचली, म्हणून तुमच्याशी बोलतेय." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मास्तरांना खाली बघावं लागलं. "नाडी लागली नाही तर आम्ही दुसरीला बोलावतो. पेशंट मेला असं लिहून मोकळ्या होत नाही."

मास्तरांनी तिच्या तिन्ही कॉइल इस्त्रीशेजारी ओळीने मांडल्या.

"स्कूटर कुठाय?" बाईंनी विचारलं.

बाईंनी मीटर सिस्टरच्याच हातात दिला. तारा कुठे लावायच्या, आकडा कुठे बघायचा, हे सांगितलं. सिस्टरला समजायला पाच मिनिटं लागली. कॉइल चांगली निघाली, मग पुढची तार, मग तिच्यापुढची. सीटखाली एक वायर आतून तुटलेली सापडली. वरचं वेष्टन शाबूत, खड्डा लागला की आतली तांब्याची टोकं एकमेकांना सोडायची. दोन वर्षांचं दुखणं करंगळीएवढ्या तुकड्यात होतं. मास्तरांनी ती कापून जोडली. एवढं त्यांना फार सुबक येत असे. सिस्टरने एका किकमध्ये स्कूटर सुरू केली, गणवेश हँगरसकट आत ठेवला, दार लावलं आणि मास्तरांकडे न बघता बाईंना म्हणाली, "हा मीटर कुठे मिळतो?"

एव्हाना व्हरांड्यात बाया जमल्या होत्या. कोणाची मोपेड सकाळी उठत नव्हती, कोणाच्या नवऱ्याची मोटरसायकल तापली की बसायची. बाईंनी पदर खोचला. सिस्टर त्यांच्या शेजारी उकिडवी बसली आणि दुसऱ्या मोपेडचा आकडा तिने स्वतःच वाचला.

"तुम्ही जरा पाना धरा," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

मास्तरांनी पाना धरला. तासभर धरला. ते कोण, हे तिथे कोणी विचारलं नाही. एका आजींनी आतून खुर्ची आणून त्यांच्यामागे ठेवली आणि आपुलकीने म्हणाल्या, "बसा हो. बाईंचे ड्रायव्हर ना तुम्ही?"

मास्तरांनी तोंड उघडलं. उजवा हात आपसूक थोडा वर आला, मग पान्यासकट मांडीवर टेकला.

"हो," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले.